जीव ही अमानत: त्यांच्याकडेही, आपल्याकडेही

गेल्या पावसाळ्यात आमचे अब्बा फजरच्या वजूला बसले आणि तिथेच कलंडले. देऊळगाव राजातल्या डॉक्टरांनी नाडी बघून जालन्याला हलवायला सांगितले. जालन्यात स्कॅन झाला आणि तिथून त्याच गाडीने आम्ही औरंगाबादला पोहोचलो. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता. संध्याकाळपर्यंत अब्बा व्हेंटिलेटरवर होते.

नवव्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा भावंडांना एका छोट्या खोलीत बोलावले. म्हणाले, "मेंदूचे फार नुकसान झाले आहे. शुद्धीवर येतील असे वाटत नाही. मशीन चालू ठेवायची तर ठेवू. तुम्ही घरचे ठरवा." रोजचा खर्च तीस हजारांच्या वर चालला होता. धाकटा भाऊ म्हणाला, शेडनेटची जमीन काढू. बडे अब्बा भिंतीकडे बघत बसले. बहीण म्हणाली, "मशीन काढायची म्हणजे आपणच अब्बांना..." आणि तिने वाक्य तिथेच सोडले. अम्मीला तर आम्ही काही सांगितलेच नव्हते.

त्या रात्री अतिदक्षता विभागात जी सिस्टर होती, ती जालन्याकडची मराठी ख्रिस्ती, कॅथलिक. आमच्या बाजूला ख्रिस्ती वस्ती नवी नाही. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात बेथेल नावाचे गावच वसवले होते. पण आम्ही इतकी वर्षे मुलांना शिकवतो, सगळ्या धर्मांबद्दल धडे घेतो, आणि या शेजाऱ्यांना जीव-मरणाबद्दल काय वाटते हे आम्हाला ठाऊक नव्हते. अब्बांचे तोंड ओल्या कापसाने पुसता पुसता ती म्हणाली, "माझ्या आजीच्या वेळी आम्हीही फादरांना हेच विचारलं होतं. ते म्हणाले, जीव घ्यायचा नाही. पण जाणाऱ्याला धरून ठेवायची सक्तीही नाही. तुमच्यातही असंच काही असेल ना?"

असेल का? उर्दू-मराठी दोन्ही वाचणारे आम्ही, पण उत्तर देता आले नाही. सकाळी आमच्या ओळखीच्या मुफ्तीसाहेबांना फोन केला. त्यांनी आधी अब्बांची तब्येत नीट विचारली, डॉक्टर नेमके काय म्हणाले ते शब्दन्‌शब्द ऐकून घेतले आणि मग दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या. मरण आणण्यासाठी इंजेक्शन देणे हराम आहे, मग रुग्णाने स्वतः मागितले तरी आणि घरच्यांनी दयेने मागितले तरी. पण जाणकार आणि भरवशाचे डॉक्टर एकमताने सांगत असतील की या उपायाने आता फायदा नाही, तर तो उपाय थांबवणे म्हणजे कत्ल नव्हे. त्यांनी त्या स्त्रीची हदीसही आठवण करून दिली, जिला फेफरे येत असे. ती प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे दुआ मागायला आली. त्यांनी तिला दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या: सब्र कर आणि जन्नत घे, किंवा मी बरे होण्याची दुआ करतो. तिने सब्र निवडला. फक्त फेफऱ्यात अंगावरचे वस्त्र सरकू नये एवढी दुआ मागितली. उलमांनी यावरून समजून घेतले की प्रत्येक इलाज प्रत्येक वेळी फर्ज नसतो.

आम्ही अब्बांना घरी आणले. रुग्णालयाने एका छापील कागदावर सही घेतली. त्याला तिथे 'डामा' म्हणतात, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला नेत आहोत असे आपणच लिहून द्यायचे. गंमत अशी की जे डॉक्टर 'तुम्ही ठरवा' म्हणाले होते, त्यांच्याच सल्ल्याविरुद्ध! कायद्यात याहून सरळ वाट आहे, हे आम्हाला तेव्हा कोणीच सांगितले नाही. त्याबद्दल पुढे लिहितोच. अब्बा घरी दोन रात्री स्वतःच्या श्वासावर राहिले. अम्मी ओठांना जमजम लावत होती, यासीनशरीफ चालू होते. तिसऱ्या दिवशी फजरच्या आधी ते गेले. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

जनाजा झाला, जियारत झाली, पाहुणे गेले. बहिणीचे अर्धे वाक्य मात्र घरातून जाईना. म्हणून आम्ही वाचायला बसलो. आपल्याकडचे वाचलेच, आणि त्या सिस्टरमुळे ख्रिस्ती लोकांचेही वाचले. दोन्ही शेजारी ठेवल्यावर जे दिसले ते वाचकांसमोर ठेवत आहोत.

ख्रिस्ती विचारांत सर्वात सलग आणि लेखी मांडणी कॅथलिक चर्चची आहे. तिचा पाया आपल्याला परका वाटू नये. माणूस स्वतःच्या जिवाचा मालक नाही, तो राखणदार आहे. जीव देवाने दिला, त्याचा हिशेब देवाकडे. आपण याला अमानत म्हणतो. एका निरपराध माणसाचा जीव घेणे म्हणजे साऱ्या मानवजातीचा घेणे, ही सूरह माइदातली शिकवण तर आपल्या लहान मुलांनाही पाठ असते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ साली जीवनाच्या मूल्यावर एक मोठे परिपत्रक काढले आणि गर्भपात, दयामरण, फाशी या सगळ्यांचा विचार एकाच धाग्यात केला. पुढे २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी फाशीची शिक्षा मुळीच मान्य नाही असा बदल चर्चच्या शिकवणीत केला. इथे आपली वाट वेगळी होते, कारण शरीअतमध्ये किसास आहे. पण तिथेही वारसांनी माफ करण्याची थोरवी सांगितली आहे, हे विसरू नये.

आमच्या प्रश्नाला मात्र थेट उत्तर सापडले ते १९५७ सालच्या एका भाषणात. व्हेंटिलेटर तेव्हा नवे होते. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी पोप पायस बारावे यांना विचारले की आशा नसलेल्या रुग्णाचे मशीन चालू ठेवणे बंधनकारक आहे काय? त्यांनी सांगितले की साधारण उपाय करणे कर्तव्य आहे, पण रुग्णावर आणि घरावर असह्य भार टाकणाऱ्या असाधारण उपायांची सक्ती नाही. वेदना शमवण्यासाठी औषध दिले आणि त्यामुळे आयुष्य थोडे कमी होण्याची शक्यता असली, तरी हेतू वेदना शमवण्याचा असेल तर ते चालते, असेही त्यांचे म्हणणे होते. १९८० मध्ये व्हॅटिकनने दयामरणावर जे निवेदन काढले त्यात हाच फरक पक्का केला. आता हे बघा: १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये अम्मानला इस्लामी राष्ट्रांच्या फिकह अकादमीची बैठक झाली. मेंदूचे सर्व कार्य कायमचे थांबले आहे आणि मेंदू विघटित होऊ लागला आहे असे तज्ज्ञ डॉक्टरांनी ठरवले, तर हृदय मशीनमुळे चालू असले तरी मशीन काढता येते, असा ठराव त्यांनी केला. दोन वेगळ्या किताबा, दोन वेगळ्या परंपरा, आणि औरंगाबादच्या त्या छोट्या खोलीतल्या प्रश्नाला उत्तर जवळजवळ एकाच दिशेचे.

अन्न-पाण्याबाबत कॅथलिक चर्च अधिक कडक आहे. २००४ मध्ये जॉन पॉल दुसरे म्हणाले की बेशुद्धावस्थेत वर्षानुवर्षे पडलेल्या रुग्णाला नळीतून दिलेले अन्न-पाणी हा इलाज नव्हे, ती माणसाची साधी सेवा आहे, आणि तत्त्वतः ती थांबवू नये. पुढच्याच वर्षी ते स्वतः मरणाच्या दारी होते. शेवटच्या दिवसांत त्यांना पुन्हा रुग्णालयात नेले नाही. २ एप्रिल २००५ रोजी ते आपल्या राहत्या जागी वारले.

हे वाचताना महाराष्ट्रातल्या वाचकाला एकच नाव आठवते: अरुणा शानबाग. कर्नाटकातल्या हळदीपूरची ही मुलगी मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळून तिच्यावर अत्याचार केला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. त्या माणसाला हल्ला आणि चोरीसाठी सात वर्षांची सजा झाली आणि तो सुटूनही गेला. अरुणा मात्र वॉर्ड क्रमांक चारच्या खोलीत राहिली, बेचाळीस वर्षे. लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की तिचे जबरदस्तीचे अन्न थांबवावे, तिला सुटू द्यावे. ७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ग्यानसुधा मिश्रा यांनी तो अर्ज नाकारला. याच निकालाने देशात प्रथमच उपचार थांबवण्याची वाट, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, मोकळी केली. पण अरुणासाठी बोलण्याचा अधिकार कोणाचा? न्यायालयाने सांगितले, ज्यांनी तिला सांभाळले त्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. आणि त्यांना ती हवी होती. त्या दिवशी केईएममधल्या परिचारिकांनी पेढे वाटले.

त्या परिचारिका हिंदू होत्या, ख्रिस्ती होत्या, आणखी कोणी असतील. निवृत्त होणारी नव्या मुलीला अरुणाची जबाबदारी सोपवून जात असे. तिला कुस्करलेले अन्न भरवायचे, कूस बदलायची, तिच्याशी बोलायचे. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही तिला शय्याव्रण झाले नाही, याची न्यायालयाने दखल घेतली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने तिचा मृत्यू झाला. आम्ही विराणीबाईंना दोष देत नाही. त्यांनीच हा विषय देशासमोर आणला, आणि ज्याचा अंतच नाही असे दुःख पाहून माणूस सुटकेची दुआ मागतो हे आम्हीही अनुभवले आहे. पण दयामरणावर बोलताना लोक 'ओझे' हा शब्द वापरतात, तेव्हा आम्हाला केईएमच्या त्या मुली आठवतात. त्यांच्यासाठी ते ओझे होते की नव्हते, हे बाहेरून कोणी ठरवावे?

ख्रिस्ती मंडळी फक्त नको-नको म्हणत बसलेली नाहीत, हेही सांगितले पाहिजे. मुंबईत वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती आवेदना सदन आहे. टाटा रुग्णालयातले कर्करोग शल्यचिकित्सक डॉ. लुईस डिसोझा यांनी ते १९८६ मध्ये सुरू केले. इलाज संपलेल्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी देशातले हे पहिले आश्रयस्थान. कॅथलिक सिस्टर्स तिथे सेवा करतात, पैसे घेत नाहीत, जात-धर्म विचारत नाहीत. तिथे इंजेक्शन देऊन कोणाला मारत नाहीत आणि मशीनला बांधूनही ठेवत नाहीत. वेदना कमी करतात, जखम धुतात, जवळ बसतात. ही कल्पना मूळ इंग्लंडच्या सिसिली सॉन्डर्स या बाईंची. आधी परिचारिका, मग समाजसेविका, मग डॉक्टर झालेल्या या श्रद्धावान ख्रिस्ती बाईंनी १९६७ मध्ये लंडनला पहिले आधुनिक हॉस्पिस उघडले. त्यांचे म्हणणे असे की मरण मागणारा रुग्ण बहुधा वेदना आणि एकटेपणा यांपासून सुटका मागत असतो. आम्हाला हे पटते. बुलढाणा-जालन्याच्या पट्ट्यात कर्करोगाचा रुग्ण शेवटी घरी येतो आणि मॉर्फिनची गोळी मिळवता मिळवता घरच्यांच्या चपला झिजतात. आपल्या जमाती, आपले ट्रस्ट मदरसे बांधतात, मशिदींना संगमरवर घालतात, अल्लाह कबूल करो. पण झकात आणि सदक्यातून मरणाऱ्याची वेदना कमी करणारी चार खाटांची एखादी जागा आपल्या तालुक्यात उभी राहिल्याचे आम्हाला आठवत नाही.

आता कायद्याची ती वाट. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितले की सज्ञान माणूस शुद्धीत असताना लिहून ठेवू शकतो की अशी वेळ आली तर मला कोणते उपचार नकोत. आधी त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ते सोपे झाले: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेत. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अधिकाऱ्याकडे द्यायची. लिहून ठेवलेले नसेल तरी रुग्णालयाने तीन डॉक्टरांचे एक मंडळ आणि मग दुसरे मंडळ नेमून, घरच्यांच्या संमतीने निर्णय घ्यायचा असतो. म्हणजे आमच्यावर जो कागद सही करायची वेळ आली, त्याऐवजी डॉक्टरांनीच जबाबदारीने एकत्र बसून लेखी मत द्यायला हवे होते. तसे झाले असते तर आमच्या बहिणीची झोप उडाली नसती. मारण्यासाठी औषध देणे आजही आपल्या देशात गुन्हाच आहे, आणि तो तसाच राहावा असे आमचे मत आहे. नेदरलँड्स आणि बेल्जियमने २००२ मध्ये, कॅनडाने २०१६ मध्ये ते दार उघडले. एकदा उघडल्यावर ते कोणासाठी किती उघडे ठेवायचे, यावर तिथे वाद चालूच आहेत.

आयुष्याच्या दुसऱ्या टोकाचा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि तिथे ख्रिस्ती विचार आणि आपला फिकह एका ठिकाणी थांबत नाहीत. कॅथलिक चर्चच्या मते गर्भधारणेच्या क्षणापासून तो माणूस आहे. त्यामुळे जाणूनबुजून केलेला गर्भपात कोणत्याही दिवशी, कोणत्याही कारणाने मान्य नाही. १९७९ मध्ये नोबेल पुरस्कार घेताना मदर तेरेसांनी गर्भपाताला शांततेचा सर्वात मोठा शत्रू म्हटले आणि नको असलेली मुले आम्हाला द्या असे आवाहन केले. त्यांच्या सिस्टर्सनी तशी मुले खरोखरच सांभाळली आहेत. पण ख्रिस्ती इतिहासात हे सर्व नेहमी इतके सरळ नव्हते. तेराव्या शतकातले थोर धर्मपंडित थॉमस अक्वायनस हे अ‍ॅरिस्टॉटलच्या मागे जाऊन मानत की मानवी आत्मा गर्भात काही आठवड्यांनी येतो, मुलाच्या गर्भात सुमारे चाळीस दिवसांनी आणि मुलीच्या त्याहून उशिरा. गर्भपात त्यांनाही पापच वाटे, पण त्याचा दर्जा निराळा. शिक्षेतला हा फरक १८६९ मध्ये पोप पायस नववे यांनी काढून टाकला. प्रोटेस्टंट पंथांत तर आजही एकमत नाही. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट मंडळींनी १९७१ मध्ये बलात्कार, गर्भातले गंभीर व्यंग किंवा आईच्या प्रकृतीला धोका अशा स्थितीत कायद्याने परवानगी असावी असा ठराव केला होता. पुढे तेच पंथीय गर्भपातविरोधी चळवळीच्या आघाडीवर गेले. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ चा निकाल उलटवला, त्यामागे या चळवळीची पन्नास वर्षांची चिकाटी आहे.

अक्वायनसचे चाळीस दिवस वाचून आम्ही थबकलो. कारण बुखारी आणि मुस्लिममधली इब्ने मसऊद (रजि.) यांची हदीस आपल्याला माहीत आहे: चाळीस, चाळीस आणि चाळीस दिवसांचे टप्पे, आणि मग रूह फुंकली जाते. त्यावरून १२० दिवसांनंतर आईचा जीव वाचवण्याखेरीज गर्भपात हराम, यावर चारही मजहब एकत्र आहेत. त्याआधीच्या काळाबाबत मतभेद आहेत. मालिकी उलमा फार कडक आहेत. हनफींपैकी अनेकांनी सबळ उज्र असेल तर परवानगी दिली, विनाकारण मात्र गुनाह. इमाम गजाली यांनी तर म्हटले की गुनाह पहिल्या दिवसापासूनच आहे आणि गर्भ वाढेल तसा तो वाढत जातो. १९९० मध्ये मक्केच्या फिकह परिषदेने गर्भात गंभीर आणि इलाज नसलेले व्यंग असल्याचे भरवशाच्या डॉक्टरांच्या समितीने सिद्ध केले तर १२० दिवसांच्या आत, आई-वडिलांच्या मागणीवरून, गर्भपाताला परवानगी दिली. त्यानंतर नाही, अपवाद एकच: आईच्या जिवाला खात्रीचा धोका.

या शेवटच्या अपवादासाठी बेळगावच्या एका लेकीची आठवण करावी लागते. सविता हलप्पनवार, दंतवैद्य, वय ३१. नवऱ्यासोबत आयर्लंडमध्ये गॉलवेला राहत होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना दिसत होते. तिने गर्भ काढा अशी विनंती केली. गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू होते म्हणून नकार मिळाला, आणि हा कॅथलिक देश आहे असेही तिला ऐकवले गेले. रक्तात जंतुसंसर्ग पसरला आणि २८ ऑक्टोबरला ती गेली. गर्भ तर आधीच गेला होता. खरे तर कॅथलिक शिकवणीतही आईच्या आजाराचा थेट इलाज करताना गर्भ गेला तर तो गर्भपात मानत नाहीत. पण १९८३ मध्ये त्या देशाने गर्भ आणि आई यांच्या जिवाचा हक्क समान असल्याचे राज्यघटनेत घातले होते, आणि तुरुंगाच्या भीतीने डॉक्टर वाट पाहत राहिले. मे २०१८ मध्ये तिथल्या दोन-तृतीयांश मतदारांनी ती घटनादुरुस्ती रद्द केली. डब्लिनच्या भिंतीवर त्या दिवशी बेळगावच्या या मुलीचे चित्र होते आणि लोक त्यावर चिठ्ठ्या लावत होते.

आपले उलमा उदाहरण देतात की आई हे मूळ आहे आणि गर्भ ही फांदी. फांदीसाठी मूळ तोडत नाहीत. कॅथलिक शेजाऱ्यांचा गर्भाबद्दलचा आदर आम्हाला थोर वाटतो. पण सविताच्या बाबतीत त्या आदरातून आईच निसटली, आणि इथे आपला फिकह आम्हाला अधिक शहाणा वाटतो. हे आम्ही अभिमानाने नव्हे, जबाबदारीने म्हणतो. कारण पुढचे वाक्य आपल्याविषयी आहे.

आपल्या देशात १९७१ चा कायदा आहे. २०२१ च्या सुधारणेनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने आणि ठरावीक स्त्रियांना चोवीसपर्यंत दोघांच्या मताने गर्भपात करता येतो. गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ त्यापुढेही ठरवते. कायदा इतका मोकळा असताना आमच्या बुलढाणा जिल्ह्यात काय झाले? २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ९०८ मुली होत्या. २०११ मध्ये ८५५ उरल्या. राज्याचा आकडा तेव्हा ८९४ होता. म्हणजे जिजाऊंचा जन्म जिथे झाला ते सिंदखेड राजा आमच्या शेजारी, आणि मुलींची गळती राज्यात सर्वाधिक असलेल्या जिल्ह्यांत आमचे नाव. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राने १९९४ मध्ये. यंत्रे मात्र गाडीत घालून फिरत राहिली.

याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली, पुढे ती शिक्षा कमी झाली. सारे पेपर त्या बाईला शिव्या घालत असताना १८८२ मध्ये ताराबाईंनी 'स्त्रीपुरुषतुलना' छापले आणि विचारले की तिला या थराला आणणारा पुरुष आणि तिला पुन्हा लग्न करू न देणारा समाज कुठे आहे? त्याच्या जवळजवळ वीस वर्षे आधी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते: या, गुपचूप बाळंत व्हा, मूल ठेवायचे तर ठेवा, नाहीतर आम्ही सांभाळू. पंडिता रमाबाईंनी ख्रिस्ती झाल्यावर केडगावला मुक्ती मिशन उभे केले, तिथेही टाकलेल्या बाया-पोरी राहिल्या. गर्भातल्या जिवासाठी बोलायचे तर त्याच्या आईसाठी दार उघडे हवे, हे या माणसांनी भाषणाविना दाखवले.

आपल्यात असे होत नाही, असे आपण मस्जिदीच्या पायरीवर फार सहज म्हणतो. जिवंत पुरलेल्या मुलीला कयामतच्या दिवशी विचारले जाईल, ही सूरह तकवीर आपण तरावीहमध्ये ऐकतो. तीन वर्षांपूर्वी आमची एक जुनी विद्यार्थिनी भर दुपारी बुरखा सावरत शाळेत आली. दोन मुली होत्या, तिसऱ्यांदा दिवस गेले होते, आणि सासू म्हणत होती की एका ठिकाणी तपासणी होते, जाऊन ये. पोरीला फक्त एवढेच विचारायचे होते, "ये हराम है ना? आप बोलो तो मैं घर में बोल सकती." तिला फतवा ठाऊक होता, तिला हवा होता पाठीशी उभा राहणारा एक माणूस. आम्ही तिच्या सासऱ्यांकडे गेलो. चहा झाला, शेतीच्या गोष्टी झाल्या, बियाण्याचे भाव झाले, आणि मग जे बोलायचे ते बोललो. सासरे काही बोलले नाहीत, पण तपासणीही झाली नाही. ती तिसरी पोरगी आता अंगणवाडीत जाते आणि आम्हाला पाहिले की सलाम ठोकते.

दयामरणाच्या वाचनातून घरात एक काम निघाले. आम्ही अम्मीला सारे समजावून सांगितले: अब्बांच्या वेळी काय झाले, मुफ्तीसाहेब काय म्हणाले, कायदा काय म्हणतो. रागावेल वाटले होते. ती बराच वेळ तसबीह फिरवत राहिली आणि म्हणाली, मग माझेही लिहून ठेवा. गेल्या महिन्यात आम्ही नोटरीकडे गेलो. ती उर्दूत सांगत होती, आम्ही मराठीत लिहीत होतो, बहीण आणि शेजारचे मास्तर साक्षीला. मशीन नको, छातीवर शॉक नको, उगाच औरंगाबाद नको. दुखले तर दुखण्याचे औषध द्या. कागद पूर्ण झाला, ती अंगठा उठवणार तेवढ्यात थांबली.

"और पानी बंद नको करो," म्हणाली. "चमच्यानं का होईना, पानी दो. इतना लिखो."

बहिणीने पेन घेतले आणि शेवटची ओळ तिनेच लिहिली.